सोन्याचा भाव ठरवणारी पाच माणसं

विटा, खानापूर, आटपाडी भागातून गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी बाहेर पडलेला माणूस कोइमतूरला असो की कोलकात्याला, भट्टी पेटवायच्या आधी सोन्याचा भाव बघतो. रात्रीत भाव हललेला असतो. कुठेतरी क्षेपणास्त्रं पडलेली असतात, नाहीतर वॉशिंग्टनच्या एका बैठकीत व्याजदर बदललेला असतो, आणि त्याची झळ इथे मूस हातात धरलेल्या माणसाला बसते. काल घेतलेलं जुनं सोनं आज विकायचं, आणि मधल्या एका रात्रीत आठवड्याची कमाई गेलेली. अशा माणसाने ‘हे कोण करतंय?’ असं विचारलं तर तो प्रश्न शंभर टक्के रास्त आहे.

या प्रश्नाचं एक तयार उत्तर मोबाइलवर फिरत असतं. लंडनमध्ये एका बंद खोलीत पाच माणसं बसतात. जगाच्या सोन्याचा भाव तीच ठरवतात. ती खोली रॉथशिल्ड घराण्याची. आणि हेच घराणं, जोडीला आणखी मोजकी गडगंज कुटुंबं, अमेरिकेने युद्ध कधी करायचं, भारताने तेल कुणाकडून घ्यायचं, कुठल्या देशातलं सरकार कधी पाडायचं हे सगळं ठरवतात. पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष नुसत्या कळसूत्री बाहुल्या. शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते: टीव्हीवाले हे कधीच दाखवणार नाहीत, म्हणून पुढे पाठवा.

हा मेसेज हसण्यावारी नेऊ नये. त्यातली पहिली तीन वाक्यं बरीचशी खरी आहेत, आणि ती खरी आहेत म्हणूनच पुढचं सगळं गळी उतरतं. तेव्हा आधी ती खोलीच नीट बघू.

सप्टेंबर १९१९ मध्ये लंडनच्या पाच पेढ्यांनी मिळून सोन्याचा रोजचा भाव काढायला सुरुवात केली आणि लवकरच त्यांची बैठक एन. एम. रॉथशिल्ड या पेढीच्या कचेरीत भरू लागली. पुढे १९६८ पासून ती दिवसातून दोनदा होऊ लागली. अध्यक्ष एक भाव पुकारायचा. प्रत्येक प्रतिनिधी फोनवरून आपल्या कचेरीला विचारायचा की या भावाला आपली गिऱ्हाइकं घेणार किती आणि विकणार किती. घेणारे जास्त निघाले की भाव थोडा वर, विकणारे जास्त निघाले की थोडा खाली. प्रत्येकाच्या पुढ्यात एक छोटा ब्रिटिश झेंडा असायचा. एखाद्याचा झेंडा उभा आहे तोवर भाव पक्का व्हायचा नाही. दोन्ही बाजू जुळल्या की तो भाव जाहीर. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या ढिगापुढे उभं राहून ज्याने सौदा बघितलाय त्याला यात नवल वाटायचं कारण नाही: पुकारणारा एक असतो, पण भाव त्याच्या मनातून येत नाही, समोरच्या घेणाऱ्यांच्या खिशातून येतो.

मग या भाव काढण्यात लबाडी झालीच नाही का? झाली, आणि ती कशी झाली हे तपशिलात बघण्यासारखं आहे. २८ जून २०१२ रोजी बार्कलेज बँकेत सौदे करणाऱ्या एका माणसाने दुपारचा भाव ठरत असताना मुद्दाम विकायच्या ऑर्डरी टाकल्या. कारण काय, तर त्या दिवशीचा भाव एका ठरावीक आकड्याच्या वर गेला असता तर बँकेला एका गिऱ्हाइकाला ३९ लाख डॉलर द्यावे लागले असते. भाव त्या आकड्याच्या जरा खाली राहिला, बँकेचे पैसे वाचले. गिऱ्हाइकाला संशय आला, त्याने विचारणा केली, चौकशी लागली, बँकेला त्याचे पैसे द्यावे लागले, आणि मे २०१४ मध्ये ब्रिटनच्या नियामक संस्थेने बार्कलेजला सुमारे २ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. त्या माणसावर बंदी आली. मार्च २०१५ मध्ये ती जुनी पद्धतच बंद झाली आणि संगणकावरचा लिलाव आला. रॉथशिल्ड पेढी तर २००४ मध्येच या बैठकीतून बाहेर पडली होती.

या प्रकरणाला तारीख आहे, रक्कम आहे, हेतू आहे, आणि ज्याचं नुकसान झालं तो तक्रार करायला हजर आहे. बाजारात एवढे सावध लोक समोरासमोर बसलेले असतात, प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या हातावर असतो, तिथे भाव थोडा वेळ, थोडासा हलवता येतो. शंभर वर्षं सगळ्या जगाचा भाव एकाच घराण्याने हलवायचा तर ज्यांचं नुकसान झालं त्या सगळ्यांनी शंभर वर्षं गप्प बसायला हवं.

आजचा भाव कसा हलतो तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातच परराष्ट्र धोरण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. अमेरिका, युरोप आणि त्यांच्या सोबतच्या देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे परदेशात ठेवलेले सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले. ते बघून बाकीच्या देशांनी ओळखलं की डॉलरमध्ये ठेवलेली शिल्लक उद्या आपलीही अडकू शकते. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी १००० टनांहून जास्त सोनं घेतलं. भाव चढायला हे एक मोठं कारण. त्याउलट २३ जुलै २०२४ ला आपल्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, आणि त्याच दिवशी देशात भाव कोसळला. दोन्ही निर्णय उघड, छापील, सहीनिशी झालेले.

माझे दाजी गलाईत आहेत. त्यांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “मग आमचा तोटा काय आपोआप झाला?” या प्रश्नातच षड्‌यंत्राच्या कथेची ताकद आहे. एवढा मोठा तोटा, एवढं मोठं युद्ध, एवढी मोठी मंदी, आणि त्यामागे कुणी एक माणूसच नाही, हे मनाला पटत नाही. कुणीतरी मुद्दाम केलं असं म्हटलं की निदान दोष द्यायला एक तोंड मिळतं. दाजींचा तोटा आपोआप झाला नाही. तो निर्णयांमुळे झाला. पण ते निर्णय वेगवेगळ्या राजधान्यांत, वेगवेगळ्या कारणांसाठी, बऱ्याचदा एकमेकांच्या विरोधात घेतलेले होते.

‘एकच घराणं जग चालवतं’ ही गोष्ट आली कुठून? रॉथशिल्ड हे मूळ फ्रँकफर्टचं ज्यू कुटुंब. एकोणिसाव्या शतकात पाच भावांनी फ्रँकफर्ट, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि नेपल्समध्ये पेढ्या चालवल्या आणि राजेरजवाड्यांना कर्जं दिली. श्रीमंती खरी, वजनही खरं. १८४६ मध्ये पॅरिसमध्ये एक पत्रक निघालं. त्यात असं की १८१५ ची वॉटर्लूची लढाई नेथन रॉथशिल्डने स्वतः बघितली, वादळात समुद्र ओलांडून तो लंडनला आधी पोचला आणि शेअरबाजारात त्याने अफाट पैसा केला. लढाई होऊन ३१ वर्षं झालेली, नेथन वारून १० वर्षं झालेली, आणि लढाईच्या दिवशी तो तिथे नव्हताच. तीच गोष्ट आज आपल्याकडे मराठीत भाषांतर होऊन फिरते. अशाच मेसेजांत येणाऱ्या इल्युमिनाटीचंही तसंच. १७७६ मध्ये बव्हेरियात एका प्राध्यापकाने काढलेली ती गुप्त मंडळी. दहा वर्षांच्या आत तिथल्या राजवटीने तिच्यावर बंदी घालून ती मोडली. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीने हादरलेल्या लोकांना त्या क्रांतीचा एक कर्ता हवा होता, तेव्हा हे मेलेलं नाव पुन्हा वर काढण्यात आलं.

यातला सगळ्यात विषारी कागद १९०३ मध्ये रशियात छापला गेला. ज्यू पुढारी जग ताब्यात घेण्यासाठी गुप्त बैठक घेताहेत आणि हे तिचं टिपण, असा त्याचा आव. ऑगस्ट १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने परिच्छेदासमोर परिच्छेद ठेवून दाखवलं की हा मजकूर १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकातून उचललाय, आणि त्या पुस्तकात ज्यूंचा विषयच नव्हता, ती तिसऱ्या नेपोलियनवरची टीका होती. बनावट उघडी पडली तरी कागद मेला नाही. हिटलरच्या राजवटीने तो प्रचारासाठी वापरला आणि पुढे साठ लाख ज्यूंची कत्तल झाली. आपल्या कोकणात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात, बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षं मराठी बोलत, तेलघाणे चालवत, शनिवारी सुट्टी पाळत राहिले. शेजारी त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्याविषयी असलं काही महाराष्ट्राने कधी रचलं नाही. हा द्वेष आपल्या मातीतला नाही, तो युरोपातून तयार होऊन आलाय, आणि आपण तो काही विचार न करता घरच्या ग्रुपवर टाकतो. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त त्रास याचा होतो.

म्हणजे कट नसतातच, असं मी म्हणत नाही. सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने तरी तसं म्हणू नये. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीच्या गावागावांत, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रेल्वेगाडी लुटली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. दादांना गोळी लागली, दोन साथीदार हुतात्मा झाले. हे खरे कट होते. काम एकच, नेमकं: ही गाडी, हा तुरुंग. माणसं मोजकी. कुठे ना कुठे काहीतरी फसणार हे धरून चाललेलं. आणि पुढे सगळं नावानिशी, तारखेनिशी लिहिलं गेलं, स्मारकांवर कोरलं गेलं. कुणी म्हणेल, गावच्या गावं नाना पाटलांना लपवत होती, मग गुपित हजारो लोकांत टिकतं की. टिकलं ते एवढंच: नाना आज कुणाच्या वस्तीवर आहेत. प्रतिसरकार चालू आहे हे तर इंग्रजालाही ठाऊक होतं. ‘आज कुठे’ हे लपवता येतं; ‘आहे की नाही’ हे वर्षानुवर्षं सगळ्या जगापासून लपवणं ही वेगळी गोष्ट.

परराष्ट्र धोरणातले खरे कटही याच मापाचे निघतात. सुएझचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. जुलै १९५६ मध्ये इजिप्तच्या नासेरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या सेव्हर गावात एका बंगल्यात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलचे लोक गुपचूप भेटले. ठरलं असं की इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा, मग ब्रिटन आणि फ्रान्सने ‘लढाई थांबवा’ म्हणत मध्ये पडायचं आणि कालवा ताब्यात घ्यायचा. कागद झाला, सह्या झाल्या. ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना सहीचा कागद झाल्याचं कळलं तेव्हा ते हादरले. फ्रान्सकडची प्रतही नष्ट करून घ्यावी म्हणून त्यांनी माणसं परत पॅरिसला पाठवली. इस्रायलची प्रत मात्र तोवर निघून गेली होती. २९ ऑक्टोबरला हल्ला झाला. अमेरिकेने चिडून पौंडाची अशी कोंडी केली की ६ नोव्हेंबरला लढाई थांबवावी लागली. डिसेंबरमध्ये ईडन यांनी संसदेत सांगितलं की इस्रायल हल्ला करणार हे आधी माहीत नव्हतं. जानेवारीत त्यांना जावं लागलं. १९९६ मध्ये ती इस्रायली प्रत जगासमोर आली.

तीन देशांचे सर्वोच्च नेते, अण्वस्त्रांच्या युगातली सरकारं, आणि त्यांचा कट दोन आठवड्यांत उधळला गेला. उधळला कुणी? त्यांच्याच मित्राने. जगाचे सगळे बडे एका टेबलाभोवती बसून एकमताने चालतात, या कल्पनेला सुएझ एकटं पुरेसं उत्तर आहे. इराणमध्ये १९५३ साली तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या मोसादेक यांचं सरकार पाडण्यात ब्रिटन-अमेरिकेचा हात होता; २०१३ मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्याच कागदांतून तशी कबुली बाहेर आली. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगून व्हिएतनाम युद्ध वाढवलं, तो हल्ला झालाच नव्हता. ही सगळी खरी पापं. ती आपल्याला कळली ती पत्रकार, संसदीय समित्या, फुटलेले आणि खुले झालेले सरकारी कागद यांच्यामुळे.

श्रीमंतांचं वजन परराष्ट्र धोरणावर पडतं का? पडतं, भरपूर पडतं. १९५४ मध्ये ग्वाटेमालाचं निवडून आलेलं सरकार अमेरिकेने पाडलं. तिथल्या जमीन सुधारणेत युनायटेड फ्रूट या केळीच्या कंपनीची पडीक जमीन जात होती, आणि अमेरिकेचे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री पूर्वी ज्या वकिली पेढीत होते ती पेढी या कंपनीचं काम करायची. त्यांचे भाऊ सीआयएचे प्रमुख. साम्यवादाची भीती आणि कंपनीचं हित यातलं कुठलं किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात, पण लागेबांधे कागदावर आहेत.

बिल्डरबर्गचंही नाव अशा मेसेजात असतंच. युरोप-अमेरिकेतले बडे लोक १९५४ पासून एका हॉटेलात जमतात, आत कोण काय बोललं ते बाहेर सांगत नाहीत. संशय यायलाच हवा. पण या मंडळाचा पहिला अध्यक्ष, नेदरलँड्सचा राजपुत्र बर्नहार्ड, सापडला कशात? १९७६ मध्ये उघड झालं की लॉकहीड या विमान कंपनीकडून ११ लाख डॉलरची लाच घेतल्याचा संशय त्याच्यावर होता. त्याला पदं सोडावी लागली, त्या वर्षीची बैठकच रद्द झाली. माग लागला तो अमेरिकी सिनेटच्या चौकशीतून. जागतिक सरकारचा आराखडा शोधणाऱ्यांना इतक्या वर्षांत काही मिळालं नाही. हिशेब तपासणाऱ्यांना ही लाच सापडली. दावोसला तर आपले मुख्यमंत्रीच जातात आणि कुणाशी किती कोटींचे करार केले ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. त्या करारांतलं प्रत्यक्षात किती उतरलं, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न.

आणि सगळ्यात मोठी असमानता तर लपवलेलीही नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मतं माणशी नसतात, पैशाच्या वाट्यावर असतात. अमेरिकेकडे सुमारे १६.५ टक्के मतं, भारताकडे सुमारे २.६ टक्के. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात, म्हणजे एकट्या अमेरिकेने नाही म्हटलं की विषय संपला. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आलं तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं विदेशात गहाण टाकावं लागलं. तिथे कुठलीही गुप्त मंडळी लागली नाही. कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातला फरकच पुरेसा होता. आजही आपलं किती सोनं देशात आहे आणि किती बाहेर, ते रिझर्व्ह बँक दर सहा महिन्यांच्या अहवालात छापते.

आपलं परराष्ट्र धोरण ठरतं कसं? यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. बेचाळीसला भूमिगत होते, आणि १९७४ ते १९७७ देशाचे परराष्ट्रमंत्री. त्यांच्या काळात, १९७६ मध्ये, भारत आणि चीनने जवळजवळ पंधरा वर्षांनी पुन्हा एकमेकांकडे राजदूत पाठवले. असा निर्णय एका माणसाच्या मनात येऊन होत नाही. त्या त्या देशाचं काम बघणारे अधिकारी, वकिलातीकडून येणारे अहवाल, संरक्षण खात्याचं म्हणणं, अर्थ खात्याची कुरकुर, परराष्ट्र सचिव, मंत्री, पंतप्रधान, अशी ती फाइल फिरते, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ओढत असतं. अलीकडचं बघा. २०२२ च्या आधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. सवलत मिळाल्यावर तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने त्याच कारणाने जादा २५ टक्के आयातशुल्क लावलं, एकूण ५० टक्के झालं. दिल्ली आणि वॉशिंग्टनला एकच मालक असता तर हे भांडण कशाला झालं असतं? यावर ‘ते सगळं नाटक’ असं उत्तर येतं. मैत्री झाली तर कट, भांडण झालं तर नाटक: काहीही घडलं तरी जी गोष्ट खरीच ठरते, ती तपासायची सोयच उरत नाही.

आणि न तपासता येणाऱ्या गोष्टीत अडकल्यावर हातातली गोष्ट निसटते. पलूस-वाळव्याचा सोयाबीनवाला घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लावलं, ३० मे २०२५ च्या अधिसूचनेने ते १० वर आणलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल स्वस्त, रिफायनरीला कच्चा माल स्वस्त, आणि ज्याचं सोयाबीन आधीच हमीभावाच्या खाली जात होतं त्याच्या डोक्यावर आणखी ओझं. ही अधिसूचना कुणाच्या मागणीवरून निघाली, कुणी विरोध केला, आपल्या खासदाराने त्यावर लोकसभेत काय विचारलं, हे शोधता येतं, त्यावर मोर्चा काढता येतो. रॉथशिल्डच्या विरोधात सांगलीच्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढता येत नाही.

पुराव्याने भांडलं तर परदेशातही जिंकता येतं, याचं उदाहरण तर आपल्या हळदीचंच आहे. १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावावर दिलं गेलं. अर्ज करणारे दोघे शास्त्रज्ञ भारतीय वंशाचेच होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख. परिषदेने आरडाओरडा केला नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंध धरून ३२ संदर्भ अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढे ठेवले. ऑगस्ट १९९७ मध्ये त्याच कार्यालयाने पेटंट रद्द केलं.

आता मेसेज आला की काय करायचं? मी आधी बघतो की त्यात तारीख, ठिकाण आणि नाव आहे का. मग बघतो की यात कुणाचं नुकसान झालं आणि तो माणूस काही बोलला का, कुठे गेला का. तिसरं, हे खोटं असेल तर ते कशावरून कळेल. याचं उत्तरच नसेल तर मी ते पुढे पाठवत नाही. आणि एखाद्या धर्माची किंवा जातीची सगळीच माणसं एकाच बेतात सामील आहेत असं म्हटलेलं असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. ग्रुपवर सगळ्यांदेखत काकांना खोडून काढू नका; माणूस अडून बसतो. वेगळं बसून, ‘काका, यातलं एवढं खरंय’ इथून सुरुवात केली तर ते ऐकून घेतात.

पण सगळा भार लोकांच्या शहाणपणावर टाकणंही बरोबर नाही. सरकार जितकं झाकतं तितका संशय वाढतो. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडिअर भगत यांनी केली. अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव. त्यातून काय शिकायचं एवढंच त्यांनी त्या सप्टेंबरात संसदेत सांगितलं. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्यातला बराच भाग इंटरनेटवर टाकला, म्हणजे ज्याला वाचायचंय तो वाचू शकतो. तरीही साठ वर्षांहून जास्त काळ, पक्ष कुठलाही सत्तेवर असो, एकाही सरकारने तो अहवाल खुला केलेला नाही. तो पूर्ण खुला करा, ही मागणी सांगली आणि साताऱ्याच्या खासदारांनी लोकसभेत लावून धरावी.